दार लावून विचारलेलं दुःख

सोलापूरहून परतले तर चिपळुणात भेटेल त्याने एकच विचारलं, चादर आणली का? आणली. शेंगाचटणीही आणली. कडक भाकऱ्या आणल्या, त्यातल्या निम्म्या एसटीत मोडल्या आणि उरलेल्या शेजारच्या मालूताईंनी पापड समजून तळायला काढल्या होत्या. पण "एवढ्या लांब गेली होतीस कशाला?" असं कोणी विचारलं की मी आधी चहा टाकते, कारण ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. मालूताईंना सांगायला दोन वेळा चहा लागला. बाकीच्यांसाठी लिहूनच काढते.

जन्मभर मी पुण्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर चिपळूणला येऊन राहिले. स्वाती माझी जुनी विद्यार्थिनी, मूळची सोलापूरची. आता ती तिथल्याच एका कॉलेजात शिकवते आणि पीएच.डी. करते. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांचे हातपाय ताठ राहतात अशा मुलांच्या आया हा तिचा विषय. त्या आयांचं दुःख.

या दुःखावर नर्सिंगमध्ये एक सिद्धांत आहे. आम्ही त्याला चिरदुःखाचा सिद्धांत म्हणतो. मूल जसं मनात धरलेलं असतं आणि जसं पदरात पडतं, त्यातलं अंतर कधी बुजत नाही, म्हणून आईचं दुःख संपत नाही. पण ते सारखं उफाळलेलंही नसतं. महिनोन् महिने तळाशी बसून राहतं आणि शेजारची पोर दप्तर घेऊन शाळेला निघाली की पुन्हा वर येतं. हा आजार नाही, त्याला औषध नाही. ते कधी वर येणार हे नर्सने ओळखावं आणि त्या वेळी जवळ असावं, एवढंच. असल्या सिद्धांतांना मध्यम पल्ल्याचे म्हणतात. सगळ्या माणूसजातीला गुंडाळणारी चादर नाही आणि हात पुसायचा रुमालही नाही, एका अंगाला पुरेल एवढा टॉवेल. ही उपमा मला अर्थातच सोलापुरात सुचली.

टॉवेल अंगाला लावण्याआधी जसा बघून घ्यावा, तसा सिद्धांतही वापरण्याआधी तपासायचा असतो. शब्द स्पष्ट आहेत का, एक विधान दुसऱ्याला खोटं पाडत नाही ना, त्याची परीक्षा घेता येते का, खरी माणसं त्याच्याप्रमाणे वागतात का, आणि खाटेजवळ उभ्या असलेल्या नर्सला त्याचा काही उपयोग आहे का. स्वातीने सगळे निष्कर्ष पाठवून मला हेच बघायला सांगितलं होतं. तिचे मार्गदर्शक खूश होते. प्रत्येक आईचं दुःख मोजपट्टीच्या अगदी वरच्या टोकाला निघालं होतं, म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला.

मला मात्र ते वाचल्यापासून जेवण गोड लागेना. सिद्धांत म्हणतो की दुःख वरखाली होतं. मग इतक्या बायका, इतक्या वेगवेगळ्या दिवशी विचारलेल्या, त्यातली एकही त्या दिवशी जरा बऱ्या मनाने आली नव्हती? कोणाच्या भावाचं लग्न ठरलेलं नव्हतं, कोणाच्या पोराने आदल्या दिवशी हसून दाखवलं नव्हतं? हे काही मला पटेना.

त्यातच स्वातीचा फोन आला. "मॅडम, मंद्रूप गावची एक आई मुलाखतीनंतर मुलाच्या व्यायामाला परत आलीच नाही. रेणुका. तिचा बिरू आठ वर्षांचा आहे, आत्ताच कुठे धरून उभा राहायला लागला होता. व्यायाम असेच बंद राहिले तर पाय आखडतील, मग तो परत उभा राहायचा नाही." फोन लागत नव्हता, निरोप पोचत नव्हते. मी पिशवी भरली.

सोलापूर

हिवाळा होता, तरी ऊन असं की धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. आमच्याकडे कपडे वाळवणं हे अर्धं आयुष्य खातं, त्यामुळे मी पहिल्या दिवशी नुसती ती दोरीच बघत बसले. स्वातीच्या घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते यंत्रमागावर आहेत, आणि जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे घरातही मोठ्यानेच बोलतात.

"जय भीम, मॅडम! बसा. जेवा आधी. चटणी जपून हां, तुमच्याकडची नारळाची न्हाय ती."

मी ऐकलं नाही. ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखा चमचाभर घास घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. अण्णांनी दह्याची वाटी पुढे सरकवली. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी स्वातीच्या आईचा फोटो होता, त्यांच्यासमोर नाक पुसत मी उरलेली भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी स्वातीबरोबर ती मुलाखती घेते त्या, मुलांच्या व्यायामाच्या केंद्रावर गेले. आत व्यायामाची खोली, बाजूला मुलाखतीची लहान खोली आणि पुढे लांब व्हरांडा. व्हरांड्यात आया चादरी अंथरून बसलेल्या. कानडी, तेलुगू, दखनी आणि मराठी अशा चारही भाषा तिथे एकमेकींच्या डब्यातून खाव्यात तशा चालतात. एकीचं मूल दुसरीच्या मांडीवर, आणि पोर काल झोपलं का असं विचारलं तर उत्तर तिसरीच देते. आमच्याकडे दवाखान्यात माणसं जगाच्या गप्पा मारतील, पण आपल्या घरचं दुखणं झाकण लावून ठेवतील. इथे झाकणच नव्हतं. एवढ्या दुःखाच्या ठिकाणी इतकं हसू येत होतं की मला वाटलं, मोजपट्टीच्या टोकाला पोचलेल्या बायका त्या ह्याच का?

तेवढ्यात स्वाती दारात आली. स्वच्छ एप्रन, मऊ आवाज. एका आईचं नाव घेऊन म्हणाली, "मूल इथेच राहू द्या. तुम्ही एकट्या या आत."

ती बाई उठली. तिचं पोर शेजारणीने घेतलं. दार लागलं, आतून कडी बसल्याचा आवाज आला आणि व्हरांडा गप्प झाला. पोर घेतलेल्या बाईने त्याच्या डोक्यावरून पदर ओढला. एकीने समोरचा उघडा डबा झाकून ठेवला.

"काय झालं हो?" मी शेजारी बसलेल्या शमीमभाभींना विचारलं. त्या नातवाला घेऊन येतात.

"अंदर अकेली कू बुलाए ना," त्या हळूच म्हणाल्या, जणू त्यात सगळं आलं.

मला काही कळलेलं नाही हे बघून ती पोर घेतलेली बाईच बोलली. "दवाखान्यात चांगली गोष्ट समद्यांफुडं सांगत्यात, बाई. वाईट तेवढी एकट्याला आत घेऊन, दार लावून. माझ्या सासऱ्याच्या टायमाला आमच्या मालकाला असंच आत घेतलं. भायेर आले ते भिंत धरूनच."

"पण तुम्हीही आत जाऊन आलात की. तुम्हाला काही वाईट सांगितलं का?"

"सांगितलं न्हाय. पर आदी अंगठा घेतला. मग इचारलं, पोराच्या फुडच्या दिवसांचा इचार आला की काय वाटतं. आता सांगतील, मग सांगतील म्हनून म्या रडतच बसले. शेवटाला म्हनल्या, झालं, जावा. घरी जाऊन घास उतरंना. मग मालक म्हनले, अगं खातंय, खेळतंय की पोरगं."

मी त्या बंद दाराकडे बघत राहिले. अंगठा म्हणजे मुलाखतीला संमती, आणि संमतीचा अंगठा ह्या बायकांनी याआधी फक्त ऑपरेशनच्या वेळी पाहिलेला. मोजपट्टीने मोजलं होतं ते या खोलीत शिरतानाचं भय, आणि आम्ही त्याला चिरदुःख असं नाव देऊन मोकळे झालो होतो. स्वातीला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण दार लागायच्या वेळी ती नेहमी आतल्या बाजूला असायची.

अक्कलकोट रोड

संध्याकाळी स्वाती मला अण्णांचा कारखाना दाखवायला घेऊन गेली. मागांच्या आवाजात आत काही बोलताच येईना, म्हणून आम्ही रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो. पाळी सुटली होती, सायकली आणि मोटारसायकली शेजारून जात होत्या. तिथे मी तिला सांगितलं.

ती आधी चिडली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "मॅडम, खासगीपणा हा नियम आहे. संशोधनाच्या नीतिसमितीने लिहून दिलंय, स्वतंत्र खोली, बंद दार. आणि सासू शेजारी बसलेली असताना सून मन मोकळं करेल का? तुम्हीच शिकवलंत की हे!"

शिकवलं होतं, आणि ते आजही खरं आहे. उघड्यावर विचारावं तर सासू ऐकते, बंद खोलीत विचारावं तर मरण दिसतं. मी चहा पीत राहिले. फार गोड होता, पण अशा वेळी तक्रार करवत नाही.

मग स्वाती म्हणाली, "आईच्या वेळी डॉक्टरांनी मलाच आत बोलावलं होतं. एकटीला. अण्णा बाहेर बाकावर होते. दार लागलं तेव्हाच मला कळलं, त्यांनी तोंड उघडायच्या आधी." "मला माहीत होतं, मॅडम. मलाच माहीत होतं, आणि मीच रोज दार लावत होते."

मी तिचा हात धरला. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या विद्येचाच थोडा राग आला. एवढ्यात तिने पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"रेणुका," ती म्हणाली.

मंद्रूप

मंद्रूपला पोचलो तो बाजाराचा दिवस निघाला. वांग्यांच्या ढिगांमधून, बांगड्यांच्या हातगाड्यांमधून विचारत विचारत पुढे गेलो. अर्धी माणसं कानडीत सांगायची आणि अर्धी मराठीत, पण बोट सगळ्यांचं एकाच दिशेला. गावाबाहेर ज्वारीच्या रानातून पायवाट जाते, तिच्या टोकाला मेंढपाळांची वस्ती. माझ्या चपलेचा अंगठा वाटेत तुटला, तो स्वातीच्या केसांच्या पिनेने अडकवला. कणसं भरलेली होती. एरवी मी हुरड्यासाठी हट्ट धरला असता.

अंगणात रेणुकाची सासू यल्लव्वा शेरडांना पाणी पाजत होती. स्वातीला बघताच तिच्या हातातली बादली खाली आली.

"आनी काय सांगायचं ऱ्हायलंय, बाई?"

तरीही तिने आम्हाला घोंगडं अंथरलं. आलेल्या माणसाला उभं ठेवायचं नाही, मग तो काहीही बातमी घेऊन आलेला असो.

दुसऱ्या घोंगड्यावर बिरू पडला होता. नवा कोरा सदरा, गाल वर आलेले, हातात शेंगदाणे-गूळ भरलेल्या शेंगापोळीचा तुकडा, आणि उशाशी बांधलेलं कोकरू. आमच्याकडे बघून तो खुशाल हसला. इतकं लाडावलेलं पोर मी क्वचितच पाहिलं असेल. स्वातीने त्याच्या पायाला हात लावला आणि गुडघा सरळ करून पाहिला. तो पुरता सरळ होईना. तिने माझ्याकडे नजर टाकली.

"व्यायाम करत नाही का?" तिने विचारलं.

"कशाला छळायचं आता?" यल्लव्वा म्हणाली. "त्याच्या आत्या भेटून गेल्या. मामा कोकरू देऊन गेला. मागंल ते देतोय. हाय तवर सुखानं खाऊ दे की."

रेणुका घरातून पाणी घेऊन आली. पंचविशीतली बाई, चेहरा अगदी शांत. असा शांत चेहरा मी वॉर्डात बघितलेला आहे, रडून संपलेल्या माणसांचा. मुलाखतीच्या दिवशी बंद खोलीतून बाहेर आल्यावर तिने नवऱ्याला फोन करून पोर आता थोड्याच दिवसांचं असं सांगितलं होतं, तो मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात होता. सगळ्या घराने मिळून पोराला निरोप द्यायला सुरुवात केली होती.

स्वाती उठली. सवयीने म्हणाली, "रेणुका, जरा आत येता?"

रेणुका तांब्या खाली ठेवून बिरूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. स्वाती जागच्या जागी थांबली. मग ती अंगणाच्या मधोमध मातीतच बसली आणि मोठ्याने, अण्णांच्या आवाजात, बोलली. शेजारच्या घरांतल्या बायका कडेला येऊन उभ्या होत्याच.

"बिरूला काही झालेलं नाही. तो जाणार नाही. त्या दिवशी मला वाईट काही सांगायचं नव्हतं. तुम्ही कशा आहात एवढंच विचारायचं होतं. दार मी उगाच लावलं. चूक माझी आहे."

मग यल्लव्वा पुढे आली. "समद्यांफुडं बोलतीस न्हवं?"

"समद्यांफुडं बोलते."

"मग खरं," म्हातारी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. आत जाऊन तिने देवापुढचा भंडारा आणला. बिरूच्या कपाळाला लावला, मग स्वातीच्या, मग माझ्याही. बायका हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींना कानडीतून पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या.

रेणुका तेवढी हलली नाही.

"किती वर्सं जगंल?" तिने विचारलं.

"पुष्कळ. तुमच्या-माझ्यासारखी."

"आन मी म्हातारी झाल्यावर?"

स्वातीने बिरूच्या पायाकडे बघितलं.

"मन घट्ट केलं हुतं म्या, ताई," रेणुका म्हणाली. "लई कष्टानं केलं हुतं. आता परत पैल्यापासनं?" आणि ती बसली आणि तोंड न झाकता रडू लागली.

दुःख कोणकोणत्या प्रसंगांनी वर येतं याची उदाहरणं आमच्या सिद्धांतात दिलेली आहेत. शाळेचा पहिला दिवस, बरोबरीच्या मुलांची लग्नं, सणवार. तुमचं मूल जगणार आहे, ही बातमी त्यात कुठेच नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर त्याच बातमीने ते वर आलं होतं, आणि या वेळी त्यात भीतीची भेसळ नव्हती. इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट मला त्या अंगणात पहिल्यांदा दिसली, आणि दिसल्यावर तिथे बसणं मला जड झालं.

तेव्हा यल्लव्वा उठली. "चला गं," ती बायकांना म्हणाली, "शेरडांना पानी दावायचंय."

शेरडं आम्ही आलो तेव्हाच पोटभर पाणी प्यायली होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी सगळ्या बायका मुकाट तिच्या मागे गेल्या, एकीने तर कोकरूही सोडून नेलं. अंगण रिकामं झालं. सुनेला बोलायचं असलं की सासूने काय करायचं, हे त्या वस्तीत कोणाला सांगावं लागत नसावं. स्वाती माझ्याकडे बघत होती. मी सिद्धांताची परीक्षक म्हणून आले होते, आणि तिथे काय बोललं जाणार ते ऐकायची मला फार इच्छा होती. मी तुटकी चप्पल ओढत शेरडांकडे गेले.

लांबून दोघी दिसत होत्या. स्वातीने कागद काढला नाही. रेणुका बराच वेळ बोलत होती. बोलता बोलता तिने बिरूचा पाय मांडीवर घेतला, आणि गुडघा हळूहळू दाबून सरळ करायचा, मग वाकवायचा, पुन्हा सरळ करायचा, असं सुरू केलं. बिरू किंचाळायला लागला. शेरडांनी माना वर केल्या. तिचा हात थांबला नाही.

ती काय बोलली हे मी स्वातीला परतीच्या गाडीत विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. स्वातीने जुनी सगळी उत्तरं बाजूला ठेवली. मार्गदर्शक नाराज आहेत आणि प्रबंध लांबणार आहे. आता ती व्हरांड्यात चादरीवर बसून नव्याने सुरुवात करते आहे, आणि व्हरांड्यातल्या बायका योग्य वेळी आपणहून पोरं घेऊन पलीकडे जातात. मी तिला लिहून दिलं की सिद्धांताचे शब्द स्पष्ट आहेत, विधानं एकमेकांना धरून आहेत आणि सोलापूरच्या आयांना तो लागू पडतो. मात्र विचारण्याआधी त्या गावात बंद दाराचा अर्थ काय होतो ते बघावं. रेणुका पुढच्याच आठवड्यात बिरूला घेऊन केंद्रावर आली.

पण मला सारखं आठवतं ते त्या दिवशी निघतानाचं. यल्लव्वाने आम्हाला ताक दिलं, ओटीत शेंगा घातल्या. व्यायामाने बिरूचे पाय ठणकत होते, गाल ओले होते. त्याने चुलीजवळच्या डब्याकडे हात केला. गेले कित्येक दिवस हात केला की शेंगापोळी मिळायची. यल्लव्वाने सवयीने झाकण उघडलं, आणि रेणुकाने त्यावर हात ठेवला.

"न्हाय," ती म्हणाली. "वजन वाढलं तर हुबा कसा ऱ्हायचा त्यो?"

बिरूने भोकाड पसरलं. तिने त्याला उचलून कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोराला, आणि पदराने त्याचे डोळे पुसले.

"रडू नगं," ती म्हणाली. "आता रोज रोज न्हाय मिळायची. आता तू जगणार हाईस."